प्लेटलेट चढवल्या, काउंट मात्र तिथेच

नमस्कार श्रोतेहो. ब्लड कॅन्सरच्या वॉर्डाबाहेर नातेवाईक एकमेकांना सकाळी पहिलं काय विचारतात, तर ‘आज काउंट किती?’ दीड लाखाच्या वर असायला हव्यात त्या प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, केमोथेरपीत दहा हजारांखालीही जातात, म्हणून बाहेरून चढवाव्या लागतात. एकाच दात्याकडून मशीनवर काढलेली पिशवी, म्हणजे एसडीपी, मोठ्या माणसाचा काउंट साधारण तीस ते साठ हजारांनी वाढवते. पण काही रुग्णांचा काउंट आठाचा नऊ हजार होतो आणि थांबतो. मग पिशवीच खराब होती का अशी शंका येते, आणि नवे दाते शोधायला फोनाफोनी सुरू होते.

माझं म्हणणं, आधी डॉक्टरांना एक विचारा: पिशवी संपल्यावर तासाभरात काउंट तपासला का? बरेचदा थेट दुसऱ्या दिवशीचाच पाहिला जातो, आणि तिथेच गफलत होते.

तासाभराने काउंट चांगला वाढला आणि सकाळपर्यंत उतरला, तर प्लेटलेट अंगात गेल्या पण लवकर खर्ची पडल्या. ताप, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, काही औषधं यांनी असं होतं, आणि बहुतेकांचं कारण यातलंच असतं. अशा वेळी इलाज संसर्गावर करायचा. पानथरी, म्हणजे स्प्लीन, फार वाढली असेल तर मात्र ती प्लेटलेट अडवून धरते, आणि तासाभराचा आकडाही कमीच येतो.

लागोपाठ दोनदा तासाभराने आकडा हललाच नाही, तर अँटिबॉडीचा, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या शरीरातल्या प्रथिनांचा, संशय घेतात. प्लेटलेटवर एचएलए नावाच्या खुणा असतात. पूर्वी चढवलेल्या रक्तातून किंवा बाळंतपणांतून शरीराला परक्या खुणांची ओळख झाली असेल, तर ते आलेल्या प्लेटलेट नष्ट करतं. दोन-तीन मुलांच्या आईला हे जास्त भोगावं लागतं. आता दाता कोणीही चालत नाही; अँटिबॉडीची तपासणी करून एचएलए जुळणारा किंवा क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे त्याच्या प्लेटलेट रुग्णाच्या रक्ताशी आधी जुळवून पाहण्याच्या चाचणीत, बसणारा दाता लागतो. पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त पहिल्यापासून दिलं, तर अशा अँटिबॉडी तयार होण्याचं प्रमाण बरंच घटतं. हा फिल्टर महाग पडतो, हे खरं.

जुळणारा दाता म्हटल्यावर सख्खी भावंडं आठवतात. पण पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट व्हायचा असेल, तर ज्या भावंडाचा मॅरो घ्यायचा त्याच्या प्लेटलेट आधी चढवू नयेत, आणि दुसऱ्या कुठल्याही रक्ताच्या नातेवाइकाची पिशवी, त्या पिशवीला रेडिएशन देऊनच वापरावी.