किमोच्या खुर्चीवर प्रार्थना सुचत नाही तेव्हा

जय ख्रिस्त, सलाम, नमस्कार. ज्याला जो जवळचा तो घ्या.

आज स्कार्फ नाही, दिसतंय ना? केस आलेत. जन्मभर सरळ होते, आता हे असे कुरळे. डॉक्टर म्हणतात किमोनंतर होतं असं. नवरा म्हणतो फुकटात पर्मिंग झालं. असो.

"ताई, उपचारात विश्वासाने बळ कसं मिळालं?" हे मला फार जण विचारतात. विचारणाऱ्याला छानशी साक्ष हवी असते, म्हणजे देवाने कसं तारलं त्याची गोष्ट. पण पहिल्या किमोला मला एक ओळसुद्धा आठवली नव्हती. मी नगरची, संडे स्कूलमध्ये बायबलमधलं तेविसावं स्तोत्र न अडखळता म्हणून बक्षीस घेतलेली. आणि त्या खुर्चीवर पाटी कोरी.

माझा कॅन्सर स्तनाचा. पहिल्या चार डोसांत लाल औषध होतं. ज्यांनी घेतलंय त्यांना रंग आठवला तरी मळमळेल. हे सलाईनला लावून निघून जायचं औषध नाही. सिस्टर शेजारी स्टूल घेऊन बसते आणि मोठ्या सिरिंजने हळूहळू हाताने देते, कारण शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जळतं. म्हणून ती सारखी विचारते, "जळजळतंय का? दुखतंय का?" तिचा अंगठा सिरिंजवर, माझे डोळे त्या लाल रंगावर, आणि तोंडात एकच शब्द, "बापा". पुढे काही नाही. परत "बापा".

घरी आल्यावर मला त्याची लाज वाटली. मग बायबलमधला मत्तयाचा सव्विसावा अध्याय काढला, पकडला जायच्या रात्री येशू जिथे प्रार्थना करतो त्या गेथशेमाने बागेचा. "हा प्याला माझ्यावरून टळून जावो" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. माझी नजर थोडी पुढे अडकली. येशू तिसऱ्यांदा प्रार्थनेला जातो आणि तेच शब्द पुन्हा बोलतो, असं लिहिलंय. तेच शब्द! म्हणजे त्या रात्री नवीन काही त्यालाही सुचलं नाही म्हणा. जवळचे तिघे सोबती झोपलेले. मला तर निदान सिस्टर जागी होती.

मला बळ मिळालं ते इथून. धीटपणा माझ्यात नव्हताच. "नको" म्हणायला, रडायला, देवाशी भांडायला पवित्र शास्त्रात परवानगी आहे, हे मला पस्तिशीत, टक्कल पडल्यावर कळलं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून बघा. आपण उपासनेत ते क्वचितच घेतो. इतर विलापगीतं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळतच नाही. अठरा ओवी तक्रार, आणि शेवटी उरतो तो अंधार. तरीही ज्यांनी शास्त्र जपलं त्यांनी ते काढून टाकलं नाही.

आता थोडं कडू बोलते. आमच्या ओळखीतल्या एक मावशी घरी आल्या, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि जाताना दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "विश्वास कमी पडतोय ग तुझा." किमोने जेवढं पाडलं नाही तेवढं त्या एका वाक्याने पाडलं. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य हेच विचारतात: हा जन्मांध, पाप कुणाचं? याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. आणि प्रेषित पौल? शरीरातला काटा जावा म्हणून त्याने तीनदा विनवलं. काटा गेला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर आलं. पौलाचा विश्वास कमी होता, असं म्हणायची कुणाची छाती आहे का?

दुसरी मंडळी म्हणतात, विश्वास असेल तर औषध कशाला? त्यांना मी बायबलमधल्या हिज्कीया राजाची गोष्ट सांगते. राजा मरायला टेकलेला, भिंतीकडे तोंड करून रडतो. देव म्हणतो, तुझी प्रार्थना ऐकली, आणखी पंधरा वर्षं देतो. आणि मग यशया संदेष्टा काय करतो? अंजिरांचा लेप मागवतो आणि गळवावर बांधायला लावतो. प्रार्थना ऐकली गेलीच होती, तरी लेप लागला. आमचे पाळकसाहेब म्हणाले, "तुझी अंजिरं दर तीन आठवड्यांनी, सकाळी नऊ वाजता." हसले मी. बऱ्याच दिवसांनी.

आता कामाच्या गोष्टी. या कुणी प्रवचनात सांगत नाही.

किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट पडतो, म्हणजे पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या रविवारी गर्दीत जाऊ नका, आणि चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागत असेल तर तो घेऊ नका. पाळकांना घरी बोलवा, ते येतात. ताप 100.4 फॅरनहाइटला टेकला की रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. प्रार्थनेचा मेसेज रिक्षात बसून टाका. उपवास-प्रार्थना तुमच्यासाठी दुसऱ्यांनी करावी, तुम्ही जेवा. ईस्टरआधीच्या उपासकाळातसुद्धा. आणि रेडिएशन चालू असेल तर तेल लावून प्रार्थना करणाऱ्यांना सांगा, कपाळावर लावा, किरणांसाठी खुणा केलेल्या जागेवर नको. मला हे एका ब्रदरना सांगावं लागलं. ते जरा दुखावले. चालतंय.

भेटायला येणाऱ्यांना मात्र माझी विनंती आहे, बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठवा. मुलंबाळं, धन, तब्येत सगळं गेलेला माणूस तो. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर फार चांगले होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. आमच्या महिला मंडळातल्या एक काकू दर किमोच्या दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि फोडणी न दिलेलं वरण आणायच्या. फोडणीच्या वासाने मला उलटी होते, हे त्यांनी एकदाच ऐकलं आणि लक्षात ठेवलं. माझ्यासमोर त्यांनी कधी वचन म्हटलं नाही. डबा ठेवायचा, कालचा धुतलेला उचलायचा, जायचं.

सगळेच बरे होत नाहीत, हेही बोलायला हवं. मुंबईत बांद्र्याला माउंट मेरी चर्चच्या पायथ्याशी मेणाचे हात, पाय, हृदय विकत मिळतात. ज्या अवयवाला दुखणं तो वाहायचा, आणि वाहणारे सगळ्या धर्मांचे. त्याच परिसरात 1986 साली शांती अवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. कॅन्सर सर्जन डॉ. डिसोझा यांनी ते उभं केलं. ज्यांच्यावर आता इलाज उरला नाही त्यांची तिथे सेवा होते, वेदना कमी केल्या जातात, पैसे घेतले जात नाहीत, धर्म विचारला जात नाही. चमत्काराच्या सभांपेक्षा मला हे घर ख्रिस्ताच्या जास्त जवळचं वाटतं. माझं मत आहे, पटलं नाही तर राहू द्या.

आणि हो, तेविसावं स्तोत्र परत आठवलं. सातव्या की आठव्या डोसाला. तेव्हा एक गोष्ट दिसली, लहानपणी कधी दिसली नव्हती. सुरुवातीला सगळं "तो" आहे. तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. मृत्युच्छायेची दरी आली की शब्द बदलतो: "कारण तू माझ्याबरोबर आहेस." कुरणात "तो", दरीत "तू". बक्षीस मिळालं तेव्हा हे कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी माझी मॅमोग्राफी आहे. पोटात आत्तापासून गोळा आलाय. रिपोर्ट आला की सांगते, जसा असेल तसा. आता कॅमेरा बंद करते, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या.