आठ तासांची पाळी

सकाळचे पावणेआठ वाजले आहेत. मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावलेला हा ड्युटीचा तक्ता पाहा. रकान्यांमध्ये नावांऐवजी बक्कल नंबर आहेत. काही नंबरांपुढे ‘रात्रपाळी’ लिहिले आहे, काहींपुढे ‘कोर्ट’, काहींपुढे ‘बंदोबस्त’, आणि ‘साप्ताहिक सुट्टी’च्या रकान्यातला एक नंबर खोडून तो बंदोबस्ताच्या रकान्यात नव्याने लिहिला आहे. ही खाडाखोड करायला फारसा वेळ लागला नसेल. ज्याचा तो नंबर आहे, त्याने त्या दिवशी आईला दवाखान्यात न्यायचे ठरवले होते की मुलीच्या शाळेत जायचे होते, याला तक्त्यावर रकाना नाही.

कामाच्या ठिकाणच्या ताणाचा विषय निघाला की बोलणे लगेच माणसाच्या मनाकडे वळते. श्वसनाचे व्यायाम, ध्यान, समुपदेशन यांची शिबिरे भरतात. त्यांचा उपयोग होतो, आणि मनाने खचलेल्या माणसाला समुपदेशकाची मदत वेळेवर मिळाली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु बारा तासांची ड्युटी संपवून आलेल्या शिपायाला त्याच्या झोपेच्या वेळेत शिबिराला बसवले, तर तेही त्याच्या दृष्टीने आणखी एक बंदोबस्तच ठरते. म्हणून या चित्रफितीत आपण मनाकडे नंतर आणि तक्त्याकडे आधी पाहणार आहोत.

हा तक्ता असा का आहे, याचे एक कारण कायद्यातच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ नुसार पोलीस हा सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. शिवाय १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर निर्बंध घातले आहेत. म्हणजे ज्याच्या कामाच्या तासांना कायद्याने शेवट ठेवलेला नाही, त्याला ते तास कमी करून मागण्यासाठी इतर कामगारांसारखा संघटनेचा रस्ताही मोकळा नाही.

हे याच शहरात घडावे, याची खंत वाटते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना संघटित केले आणि दीर्घ प्रयत्नांनंतर १० जून १८९० रोजी त्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरखाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आठ तासांच्या दिवसाचा आग्रह धरला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. भोंगा झाला की घरी जाण्याचा हा हक्क गिरणीच्या फाटकाबाहेर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायापर्यंत मात्र पोहोचला नाही.

बारा तास म्हणजे नेमके काय, याचा हिशेब एकदा मांडून पाहू. मुंबईत नोकरी करणारे अनेक पोलीस बदलापूर, विरार, पनवेल अशा दूरच्या भागांत राहतात. जाण्यायेण्याचे चार तास धरले, तर दिवसाचे सोळा तास संपतात. उरलेल्या आठ तासांत आंघोळ, जेवण, मुलांचा अभ्यास, घरातले दुखणेखुपणे आणि झोप बसवायची असते. त्यात सुटताना एखादा आरोपी हजर करायचा निघाला, तर पहिली कात्री झोपेलाच लागते.

शरीर हे सारे निमूटपणे सहन करत नाही. संकट दिसताच अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. दंगलीच्या तोंडावर उभ्या असलेल्या माणसाला या तयारीची गरजही असते. घात होतो तो ही तयारी उतरायला अवकाश न मिळाल्याने. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. बारा तासांच्या सहा ड्युट्या म्हणजे ७२ तास होतात.

तासांइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे. रॉबर्ट कारासेक या अमेरिकन संशोधकाने १९७९ मध्ये असे मांडले की, कामाचा बोजा मोठा आणि त्या कामावरचा स्वतःचा ताबा थोडा, अशा नोकऱ्यांमध्ये ताण सर्वाधिक साचतो. शिपायाची नोकरी या वर्णनात तंतोतंत बसते. कुठे उभे राहायचे, किती वेळ राहायचे, केव्हा सुटायचे, यातले काहीच त्याच्या हातात नसते. कित्येकांच्या बोलण्यात दमल्याची तक्रार कमी आणि ‘सुटणार कधी, ते सांगता येत नाही’ हे वाक्य अधिक येते.

म्हणूनच मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात जे घडले, ते मोलाचे वाटते. तिथल्याच एका पोलीस कर्मचाऱ्याने आठ तासांच्या तीन पाळ्यांचा आराखडा तयार करून वरिष्ठांपुढे मांडला. तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो बाजूला न सारता देवनारमध्ये प्रत्यक्ष राबवायला परवानगी दिली आणि २०१७ च्या सुरुवातीपासून ही पद्धत मुंबईतल्या इतर पोलीस ठाण्यांतही लागू झाली. यात अडचण होती, आणि ती खरी होती. माणसे तेवढीच ठेवून दोनच्या तीन पाळ्या केल्या, की निम्म्याऐवजी एक तृतीयांश माणसेच एका वेळी हाताशी राहतात. त्यामुळे कोणत्या कामाला खरोखर किती जण लागतात आणि कोण केवळ रिवाज म्हणून बसून राहतो, हे प्रत्येक ठाण्याला तपासावे लागते. हे कष्टाचे काम आहे, परंतु ताण कमी करण्याचे खरे काम मला तेच वाटते.

पुढे मनुष्यबळाच्या तुटवड्यामुळे ही पद्धत सगळीकडे सारखी टिकली नाही. २०२१ मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांची ड्युटी काही ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती राज्यभर लागू करण्याचा आदेश निघाला.

अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर कोणीही आठ तासांनी घरी जाणार नाही, आणि तशी अपेक्षा पोलीसही करत नाहीत. त्या रात्री उभे राहण्याचा त्यांना अभिमान असतो. त्यांची अपेक्षा लहान आहे. काढून घेतलेल्या सुट्टीच्या बदल्यात कोणती सुट्टी मिळणार, ती तारीख त्याच दिवशी आणि त्याच तक्त्यावर लिहिली जावी.

आठ वाजले आहेत. रात्रपाळीचा ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद करून खुर्ची सोडतो आहे, दिवसपाळीचा अंमलदार डबा टेबलाखाली सरकवून बसतो आहे. तक्त्यावर खोडलेल्या त्या नंबराशेजारी तारखेपुरती जागा आहे. ती अजून कोरी आहे.