विदर्भातला ज्वालामुखी कुठे बघायचा? लोणारला नाही, विहिरीत!

नमस्कार मंडळी.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या प्रत्येक व्हिडिओखाली एक प्रश्न ठरलेला आहे. "भाऊ, लोणार म्हणजे विझलेला ज्वालामुखीच ना?" काही जण तर विचारतही नाहीत, सरळ लिहून टाकतात, "हा मृत ज्वालामुखी आहे, आम्ही शाळेत शिकलो." म्हणून आज त्यावरच बोलू. लोणार ज्वालामुखी नाही. पण तुमच्या वावरातला, विहिरीतला, घराच्या पायातला काळा दगड मात्र शंभर टक्के ज्वालामुखीचा आहे. तो ओळखायचा कसा, हे आज नीट बघायचं.

आधी चार गोष्टी पटकन. ज्वालामुखी तीन प्रकारचे सांगतात: जागृत, सुप्त आणि मृत. ज्याच्या खालचा शिलारसाचा पुरवठाच तुटला, तो मृत. डोंगर झिजतो, राख वाहून जाते आणि शेवटी उरतो तो नळीत थिजलेल्या शिलारसाचा कडक सुळका. कच्छमधला धिणोधर डुंगर हे त्याचं चांगलं उदाहरण. गिरनार वेगळा, तिथला शिलारस जमिनीच्या आतच थिजला आणि वरचं आवरण झिजल्यावर उघडा पडला. हे सगळं पुस्तकात मिळतं, म्हणून पुढे जातो.

विदर्भात असा एकही सुळका का दिसत नाही? कारण इथला लाव्हा डोंगराच्या तोंडातून उसळलाच नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तो पसरत आला. एक थर आला, थंड झाला, त्यावर पुढचा आला. आज उरलेला हा दगड साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते आणि पूर्वेकडे पातळ होत होत नागपूरजवळ तो संपत येतो. सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीचा बहुतेक भाग आणि चंद्रपूर-वणीचा कोळशाचा पट्टा, हे खडक या लाव्ह्याहून कितीतरी जुने आहेत. तेव्हा तिकडच्या मंडळींनी आजच्या खुणा आपल्या विहिरीत शोधू नयेत, सापडायच्या नाहीत. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्यांनीही नाही. तिथे पूर्णा नदीच्या गाळाखाली दगड इतका खोल गेलाय की साधी विहीर तिथवर पोचतच नाही.

आता मुद्द्यावर येतो. खड्डा दिसला की ज्वालामुखी म्हणायचं, ही सवय सोडा. आकार फसवतो. लोणार गोल आहे, खोल आहे, मधे खारं पाणी आहे आणि दगड काळा आहे, त्यामुळे माणूस चकतो. एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे भूवैज्ञानिकही त्याला ज्वालामुखीच समजत होते. पण दगड वाचला की शंका राहत नाही. तीन बाजूंनी दाखवतो.

पहिली बाजू वयाची. लोणारच्या कड्यात जे काळे थर दिसतात ते ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचे आहेत, तुमच्या गावच्या नाल्यात आहेत तेच. आणि खड्ड्याचं वय? एका पद्धतीने मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. या दोन आकड्यांवर वाद आहे, तो असू द्या. दोन्हींतला कुठलाही धरला तरी दगड आणि खड्डा यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर पडतं. खड्डा ज्वालामुखीने केला असता तर त्या काळातला ताजा लाव्हा किंवा राख आजूबाजूला कुठेतरी मिळायला हवी होती. ती नाही.

दुसरी बाजू थरांची. [दृश्य: लोणारच्या काठाचा उभा कडा] बाकी पठारावर हे थर जवळजवळ आडवे असतात. लोणारच्या काठावर मात्र तेच थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात आणि काठाच्या अगदी माथ्यावर काही ठिकाणी चक्क उलटे झालेत, म्हणजे जुना थर वर आणि नवा खाली. त्यापलीकडे किलोमीटरभराहून पुढेपर्यंत फुटलेल्या दगडांचा, चुऱ्याचा सडा पसरलेला आहे. कुणी म्हणेल, ज्वालामुखीच्या डोंगराचे थरही बाहेरच कललेले असतात. बरोबर आहे. पण ते थर त्याच तोंडातून बाहेर आलेल्या मालाचे असतात. इथे आधीपासून पडून असलेला दगड उचकटून बाहेर दुमडला गेलाय. हा फरक काठावर उभं राहून दिसतो, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

तिसरी बाजू मात्र सूक्ष्मदर्शकाखालची आहे आणि वाद तिनेच संपवला. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि त्यात फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. लोणारच्या दगडात हे फेल्डस्पार न वितळता, जागच्या जागी काच झालेलं सापडलं. त्या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. १९७३ साली हे जगापुढे आलं. तसं व्हायला हवेच्या दाबाच्या काही लाख पट दाब क्षणभरात बसावा लागतो. कुठल्याही ज्वालामुखीत तेवढा दाब तयार होत नाही, आकाशातून आदळणाऱ्या वस्तूनेच होतो. म्हणून लोणार हे उल्कापाताचं विवर, सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल. बेसाल्टात झालेलं इतकं नीट टिकलेलं विवर पृथ्वीवर दुसरं नाही. ते बुलढाणा जिल्ह्यात आहे याचा अभिमान असायलाच हवा, आणि म्हणूनच त्याला चुकीचं नाव दिलेलं बघवत नाही.

"पण पाणी खारं कसं मग?" हाही प्रश्न येतो. कारण तळ्यातून बाहेर जाणारा प्रवाहच नाही. ओढे आत येतात, काळ्या दगडातून क्षार घेऊन येतात, पाणी वाफ होऊन उडतं आणि क्षार मागे राहतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ते क्षार वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. तळाशी कुठलीही आग नाही.

यातच एक राग येणारी गोष्ट सांगतो. "माझ्याकडे लोहचुंबक चिकटणारा दगड आहे, उल्का आहे का? किती किंमत येईल?" अशा कमेंट्स दर आठवड्याला येतात. अहो, आपल्या सगळ्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट नावाचं, चुंबकाला ओढणारं लोखंडाचं खनिज असतं. दोऱ्याला टांगलेलं चुंबक वावरातल्या कुठल्याही गोट्याजवळ न्या, थोडं तरी वळेलच. चुंबक चिकटलं म्हणजे उल्का, हे सांगून लोक फसवतात, पैसे घेतात. असा दगड कुणी विकायला आणला तर एक रुपयाही देऊ नका. आणि लोणारहून दगड उचलून आणूही नका. ते संरक्षित ठिकाण आहे, अभयारण्य आहे, २०२० पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आहे.

मग खरा ज्वालामुखी कुठे बघायचा? नवीन खणलेल्या विहिरीत, बंद पडलेल्या गिट्टीच्या खदानीत, घाटातल्या रस्त्याच्या कापलेल्या कडेला, नाल्याच्या काठाला. चिखलदऱ्याला जाताना घाटात डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो ना? कडक थर उभा कडा करून टिकतो, मऊ थर झिजून सपाटी होते. तिथे गाडी थांबवायला सुरक्षित जागा बघूनच थांबा.

विहिरीसाठी एप्रिल-मे बरा, पाणी खाली गेलेलं असतं. जुन्या विहिरीत उतरू नका, हे निक्षून सांगतो. तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, तो दिसत नाही, वास येत नाही, आणि वाचवायला उतरलेला माणूसही जातो. वरूनच बघायचं. ऊन चांगलं वर आलं की घरातला आरसा घ्या, कठड्यापासून मागे राहून उन्हाची तिरीप आत पाडा आणि वरपासून खालपर्यंत फिरवा. बॅटरीपेक्षा दसपट चांगलं दिसतं. मोबाईलवर झूम करून फोटो घ्या.

वरून खाली काय काय दिसेल? आधी काळी माती, तिला उन्हाळ्यात भेगा पडतात. मग मुरूम. मग काळा पाषाण किंवा मांजऱ्या. आणि इथेच सगळे गोंधळतात, म्हणून हा भाग सावकाश घेतो.

मुरूम म्हणजे कुजलेला दगड. हातात दाबला की भुगा होतो. त्यात गोल गोटे सापडतात आणि त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे निघतात, आत कडक गाभा असतो. मांजऱ्या वेगळा. त्याला भोकं असतात, लाव्ह्यातून निघालेल्या वायूच्या बुडबुड्यांची, आणि बरीचशी भोकं पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेली असतात. कुजलेला असो वा कडक, भोकं आणि पांढरे ठिपके दिसले तर तो मांजऱ्या. काळा पाषाण घट्ट, भोकं नसलेला. हातोडी मारली की खणखणतो, मांजऱ्याचा आवाज बद येतो.

आता लाव्ह्याचा एक थर म्हणजे काय? खाली पातळसा भोकांचा पट्टा, मधे जाड घट्ट पाषाण, वर पुन्हा जाड मांजऱ्या. बुडबुडे वर चढतात, म्हणून वर जास्त. तळाच्या पट्ट्यात काही वेळा बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. त्या एकाच दिशेला वाकलेल्या असल्या तर लाव्हा कुठे सरकत होता त्याचा अंदाज येतो. त्यातही एकदोन नळ्यांवरून निष्कर्ष काढू नका, दहा-पंधरा बघा.

आणि दोन थरांच्या मधे दिसतो तो तांबडा थर. काही बोटांपासून एखाद्या मीटरपर्यंत जाड, विटेच्या रंगाचा, मातीसारखा. आजच्या व्हिडिओतलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हा थर ठेवा. एक लाव्हा येऊन गेला, बराच काळ काही आलं नाही, पाऊस-वाऱ्याने त्याचा माथा कुजला, माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा तिच्यावर येऊन बसला. विहिरीत असे दोन तांबडे पट्टे दिसले तर तीन वेळा आलेला लाव्हा तुम्ही एका नजरेत बघताय. उलट मांजऱ्या आणि पाषाण यांची सीमा म्हणजे नवीन थर नव्हे, एकाच थराचा माथा आणि पोट असू शकतं. थर मोजताना चूक होते ती इथेच. दोन थरांमध्ये तांबडा पट्टा असलाच पाहिजे असंही नाही. पण जिथे आहे तिथे खंड पडला होता, हे निश्चित.

बोअर मारणाऱ्यांनी तर हा थर पाठच करून ठेवावा. पाणी साधारणपणे मुरूम, भेगाळ मांजऱ्या आणि दोन थरांच्या सांध्यात सापडतं. घट्ट पाषाणात भेगा नसतील तर शंभर फूट गेलात तरी कोरडं. तांबडी माती ओली झाली की फुगते, सुटते. केसिंग, म्हणजे बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाइप, वरच्या मुरमातच संपवलं आणि तांबडा थर त्याच्या खाली आला, तर भिंत ढासळते, गाळ येतो, मोटार अडकते. बोअरवाल्याला सांगा, दर दहा फुटांचा चुरा वेगळ्या ढिगाने ठेव, आणि ढिगांचा क्रमाने फोटो घ्या. लाल चुरा किती फुटांवर सुरू झाला आणि किती फुटांवर संपला, ते वहीत लिहा. केसिंग त्याच्या खाली न्यायचं.

मांजऱ्याच्या भोकांतल्या पांढऱ्या खड्यांबद्दलही फार विचारता. घरच्या घरी तपासा. खडा काचेच्या बाटलीवर घासला आणि ओरखडा पडला तर ती गारगोटी. चुरा करून त्यावर लिंबू पिळलं आणि बुडबुडे आले तर कॅल्साइट. दोन्ही नाही आणि चाकूने ओरखडा पडतोय, तर बहुतेक झिओलाइट. हिरा यातला कुठलाच नाही.

यवतमाळ जिल्ह्यात शिबला गावाजवळ षटकोनी दगडी खांब आहेत. ते बघून "प्राचीन मंदिराचे अवशेष" असं लिहिणारे खूप. लाव्हा थंड होताना आकसला, आकसताना तडकला, आणि तडे वरून-खालून आत शिरत गेल्याने खांब झाले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल तशीच. कृपा करून त्यावर नावं कोरू नका आणि खांब फोडून बांधकामाला नेऊ नका. तुटला की तो पुन्हा होणार नाही.

शेवटचा प्रश्न भीतीचा, तो गांभीर्यानेच घेतो. मेळघाटाकडे किंवा आणखी कुठे पावसाळ्यात जमिनीतून गुरगुर ऐकू आली की फोन सुरू होतात, "ज्वालामुखी जागा होतोय का?" नाही होत. हा लाव्हा ज्या उष्ण ठिकाणावरून आला असं मानतात, ते आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, आपल्यापासून सुमारे ५ हजार किलोमीटरवर. आपला भूभाग तिथून सरकत उत्तरेला आला, ती आग तिथेच राहिली. रियुनियनचा ज्वालामुखी आजही फुटतो. छोटे धक्के आणि आवाज दख्खनच्या पठारावर पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी नोंदले गेलेत. भेगांतून खाली उतरणारं पाणी आणि त्याने बदलणारा दाब, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. पण धक्का तो धक्काच. मातीच्या भिंतीला तडा असेल तर तिच्याखाली झोपू नका, आणि तहसीलला कळवा.

तुमच्या विहिरीचे फोटो पाठवा. बाहेर काढलेल्या दगडाचा फोटो असेल तर बाजूला फूटपट्टी किंवा निदान एक पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे आकार कळतो. एक फोटो कोरड्या दगडाचा, एक ओल्याचा. गाव, तालुका आणि तांबडा थर किती फुटांवर आहे तेही लिहा. नुसतं "भाऊ हा कोणता दगड" एवढंच लिहून अंधुक फोटो टाकलात तर उत्तर देता येत नाही.