पोहे, देवमासा आणि डिझेलचा धूर

(इंदूरच्या एका मराठी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, माळव्यात समुद्रातल्या बोटींवर, तेही कॅलिफोर्नियातल्या बोटींच्या धुराच्या नियमावर व्याख्यान ठेवलंत, म्हणजे बहुधा मंडळाचे वक्ते संपले असावेत. यशवंत सागर तलावापलीकडे आपलं पाणी जात नाही. पण पीथमपूरला माझी तीस वर्षं डिझेल इंजिनांत गेली. इंजिन कुठंही दिसलं, की नात्यातलं कुणी भेटल्यासारखा मी थांबतो.

मागे एकदा जानेवारीत लेकीकडे कॅलिफोर्नियात, सॅन दिएगोला होतो. जावई म्हणाले, "बाबा, देवमासे बघायला जाऊ." करडे देवमासे हिवाळ्यात आर्क्टिककडून मेक्सिकोच्या खाड्यांत पिल्लं द्यायला उतरतात. जाऊन-येऊन सोळा हजार किलोमीटर तरी, आणि वाट सॅन दिएगोच्या किनाऱ्यालगतची. १९५५ साली तिथं एक डॉलर घेऊन लोकांना ते बोटीतून दाखवायला सुरुवात झाली, तो हा धंदा. लेक म्हणाली, पोट हलकं ठेवा. आता इंदूरचा माणूस सकाळी पोट हलकं ठेवणार? हिने पोहे केलेले, वर भुरभुरायचा जिरावण मसाला बॅगेतून नेलेला होताच. दोन बशा झाल्या.

वारा मागचा होता. धुराड्यातला धूर थेट आमच्या बाकावर. तासाभरात माझे पोहे प्रशांत महासागराला अर्पण. (हशा) हसा, हसा. नेमका तेव्हाच उजवीकडे फवारा उडाला, सगळी बोट तिकडे धावली आणि मी डावीकडच्या कठड्यावर ओणवा. देवमासा मी पाहिला तो जावयांच्या मोबाइलवर. हिने डोळ्यांनी पाहिला. तिसऱ्या रांगेत बसलीय, आजवर एकही पाहुणा हे ऐकल्याशिवाय घरी गेलेला नाही.

कप्तानाला माझी दया आली. मी इंजिनवाला निघालो म्हटल्यावर, धक्क्याला लागताच त्याने मला खाली नेलं. जवळजवळ रांगतच. दोन इंजिनांच्या मधे माणूस आडवा झाला तरच मावेल. लाकडी बोट, त्याच्या वडिलांच्या वेळची. उन्हाळ्यात ट्यूना धरणारी हौशी गिऱ्हाइकं, हिवाळ्यात माझ्यासारखी. एवढ्या एका बोटीवर सगळं घर.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं! अहो, विषयाला आत्ता कुठं हात घातलाय.

तर नियम. हवेचं प्रदूषण रोखणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा बंदरातल्या बोटींसाठीचा मूळ नियम २००७ चा. मार्च २०२२ मध्ये तो कडक केला: ठरलेल्या मुदतीत जुनी इंजिनं काढा, कमी धुराची बसवा. १ जानेवारी २०२३ पासून लागू. डिझेलची काजळी विषारी, हे त्यांनी १९९८ लाच जाहीर केलेलं. त्यावर माझा वाद नाही, माझे पोहे साक्षीला आहेत. शिवाय मी दोन-तीन तासच होतो, डेकवरचा पोरगा तो धूर रोज खातो. पण उपाय बघा. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा टियर फोर हा धुराचा सगळ्यांत कडक दर्जा ६०० किलोवॅट आणि त्यावरच्या सागरी इंजिनांनाच लागतो, त्यामुळे छोट्या बोटीला त्या दर्जाचं इंजिन बाजारात सहज मिळत नाही. राज्याने त्याच्याही पुढे जाऊन नियमात काजळीची गाळणी मागितली. ती गाळणी साचलेली काजळी पाचशे अंशांच्या वर तापून जाळते. त्या लाकडी खोलीत, जिथं मी रांगत होतो, तिथं ती बसवायची कुठं? वजन वाढलं की बोटीचा तोल पुन्हा तपासा. कागदावर इंजिन बदलायचं असतं, खर्च बोट बदलल्याचा येतो.

माझं खरं दुखणं पुढेच आहे. १९९८ पासून तिथं कार्ल मॉयर नावाची अनुदान योजना आहे. जुनी इंजिनं काढायला पैसे देते, पण कायद्याने जे करावंच लागतं त्याला नाही, त्याआधी किंवा त्याहून जास्त केलंत तरच. सरकारी पैशाला अशी अट हवीच, मान्य. पण ज्याच्या गाठीला चार पैसे, तो आधी करून अनुदान घेतो. एका बोटीचा धनी थांबतो, आणि मुदत अंगावर आली की सगळं खिशातून. ओरड झाल्यावर मासेमारीच्या प्रवासी बोटींना अटींवर २०३४ अखेरपर्यंत सवलत ठेवली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स आलं ते नव्या गाड्यांना. तुमच्या जुन्या गाडीचं इंजिन उपसा, असं त्यात नव्हतं. म्हणून म्हणतो, एकाच बोटीवर जगणाऱ्याचं अनुदान मुदत लागल्यावरही चालू ठेवा, आणि मुदत त्याच्या कर्जाचे हप्ते बघून ठरवा. गाळणीच्या आगीच्या धोक्यावर अजून बोलायचं होतं...

दुसरी चिठ्ठी. चहा आलाय. इंजिनाचे प्रश्न मला विचारा, देवमासा कसा दिसतो ते हिला.