तारखांची गर्दी

श्रोतेहो, नमस्कार.

वर्षाच्या तारखा फार तर ३६६, आणि इतिहास हजारो वर्षांचा. एकेका तारखेवर पाच-पंचवीस घटनांची गर्दी होणारच. तरीही दोन मोठ्या गोष्टी एकाच दिवशी आल्या की आपण चमकतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै १८२६ रोजी पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि नेमके त्याच दिवशी जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष वारले. हा निखळ योगायोग. पण असे योगायोग थोडेच. पुष्कळदा तारीख कुणीतरी जुळवून आणलेली असते.

कधी तर ती जुळलेलीही नसते. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस हे दोघे २३ एप्रिल १६१६ ला गेले असं सर्रास सांगतात. युनेस्कोनं १९९५ मध्ये जागतिक पुस्तक दिनासाठी हीच तारीख घेतली. पण स्पेननं तेव्हा ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली होती आणि इंग्लंड जुन्या ज्युलियनला धरून बसलं होतं. दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. म्हणजे तारीख एक, दिवस वेगळे. त्यातही सर्व्हान्टिसची ती बहुधा दफनाची तारीख!

जुळवून आणलेल्या तारखेचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. संविधान स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला. ते पूर्णपणे लागू केलं दोन महिन्यांनी, २६ जानेवारीला. कारण १९३० पासून २६ जानेवारी हा पूर्ण स्वराज्याचा दिवस म्हणून पाळला जात होता. १५ ऑगस्टनं स्वातंत्र्यदिनाचा मान घेतल्यावर ती तारीख पोरकी झाली असती. तिकडे ऑस्ट्रेलियातही २६ जानेवारी हा राष्ट्रीय दिन. १७८८ मध्ये या दिवशी सिडनीच्या किनाऱ्यावर ब्रिटिश झेंडा रोवला गेला. तिथल्या मूळ रहिवाशांच्या नेत्यांनी १९३८ साली, दीडशेव्या वर्षी, हाच दिवस शोकदिन म्हणून पाळला. तो वाद आजही मिटलेला नाही.

पण सगळ्यात अवघड तारीख म्हणाल तर जर्मनीची, ९ नोव्हेंबर. १९१८ साली या दिवशी कैसरनं, म्हणजे जर्मन सम्राटानं, गादी सोडल्याचं जाहीर झालं आणि राजकीय नेते फिलिप शायडेमान यांनी बर्लिनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा केली. पाच वर्षांनी, त्याच तारखेला, हे प्रजासत्ताक उलथवण्याचा हिटलरचा प्रयत्न म्युनिकमध्ये पोलिसांच्या गोळीबारात मोडला. सत्तेवर आल्यावर नाझींनी त्या फसलेल्या उठावाचा वार्षिक सोहळा सुरू केला. १९३८ च्या सोहळ्यासाठी सगळे पुढारी म्युनिकमध्ये जमलेले असतानाच, पॅरिसमध्ये एका ज्यू तरुणाच्या गोळीनं जखमी झालेला जर्मन अधिकारी मरण पावल्याची बातमी आली. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स यानं तिथंच चिथावणीचं भाषण केलं. त्या रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं पेटली. मला वाटतं, इथं योगायोग फक्त त्या मृत्यूच्या दिवसापुरता. माणसं जमली होती ती तारखेमुळेच.

आणि मग १९८९. साम्यवादी पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांना पत्रकारांनी विचारलं, देशाबाहेर जाण्याचे नवे, सैल नियम कधीपासून? त्यांनी हातातले कागद चाळले आणि सांगून टाकलं, माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब. खरं तर अंमल दुसऱ्या दिवसापासून व्हायचा होता. रात्रीपर्यंत लोक पूर्व आणि पश्चिम बर्लिन वेगळं करणाऱ्या भिंतीपाशी लोटले आणि नाकी उघडावी लागली.

आनंदाचा हाच दिवस राष्ट्रीय सुट्टीचा करावा, असं अनेकांना वाटलं. पण १९३८ च्या रात्रीवर फटाके कसे उडवायचे? शेवटी सुट्टी ठरली ३ ऑक्टोबरची, १९९० मध्ये दोन्ही जर्मनी कायद्यानं एक झाल्या त्या दिवसाची. ९ नोव्हेंबरला सुट्टी नाही. २०२१ मध्ये मात्र राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी बर्लिनच्या आपल्या निवासस्थानी एकच कार्यक्रम घेतला आणि त्यात १९१८, १९३८ आणि १९८९ या तिन्ही वर्षांची आठवण केली.

नमस्कार.