ताकद शाबूत, तोल हरपलेला : लहान मेंदूच्या पक्षाघातानंतर

लहान मेंदूचा पक्षाघात झालेल्या एका रुग्णाच्या तपासणीची चित्रफीत पडद्यावर चालू आहे; रुग्ण पलंगाच्या कडेला बसलेली दिसते आहे. डॉक्टरांचे बोट ती घट्ट आवळते आणि गुडघाही पूर्ण जोराने सरळ करते. मात्र गादीवर टेकवलेले दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायला सांगताच तिचे धड डावीकडे कलते आणि शेजारी कोणी आधाराला नसेल, तर ती आडवी होईल, हे उघड दिसते.

पक्षाघात म्हटले की अर्धे अंग लुळे पडलेला माणूस आपल्या नजरेसमोर येतो. येथे स्नायूंमधला जोर जवळजवळ तसाच आहे. बिघडले आहे ते त्या जोराचे प्रमाण आणि त्याची वेळ. डोक्याच्या मागच्या भागात, मानेच्या किंचित वर असलेला लहान मेंदू म्हणजेच अनुमस्तिष्क वजनाने संपूर्ण मेंदूच्या सुमारे दहाव्या भागाएवढा असतो. तरीही मेंदूतील निम्म्याहून अधिक चेतापेशी त्याच्यात असतात. त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांपैकी एखादी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की त्या भागातील पेशी मरू लागतात. मोठ्या मेंदूला इजा झाली तर शरीराची विरुद्ध बाजू दुबळी होते. लहान मेंदूच्या इजेत मात्र त्याच बाजूच्या हातापायांचा ताळमेळ सुटतो. इजा मधल्या पट्ट्याला, म्हणजे वर्मिसला झाली असेल, तर हात अचूक चालत असूनही बसणे, उभे राहणे आणि चालणे कठीण होऊन बसते.

पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांची ब्रिटिश चेतातज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी बारकाईने तपासणी केली. हालचालीचे अंतर, वेग आणि लय या तिन्हींत होणाऱ्या चुका त्यांनी नोंदवल्या. त्यांची ती वर्णने चेताविज्ञानात आजही पायाभूत मानली जातात.

उभ्या माणसाच्या पायाखालची जमीन अचानक सरकली, तर सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात त्याच्या पोटऱ्या, मांड्या आणि पाठ यांचे स्नायू आवळतात आणि तो सावरतो. लहान मेंदूला इजा झालेल्या माणसातही ही प्रतिक्रिया बहुधा वेळेवर सुरू होते, पण ती गरजेपेक्षा फार मोठी असते; परिणामी, पुढे झुकलेले शरीर सावरताना तो मागे फेकला जातो आणि मग उलट्या बाजूने पुन्हा तीच धडपड सुरू होते. तसाच धक्का वारंवार बसला, तर निरोगी माणूस पुढच्या धक्क्याचा अंदाज बांधून आपली प्रतिक्रिया आवरती घेतो. या रुग्णांना नेमके तेच जमत नाही. फळीवरची वस्तू घेण्यासाठी हात वर जाण्याआधी पाय आणि पाठ आपोआप तयारीत येतात, ती आगाऊ तयारीही विस्कटते.

म्हणूनच हे रुग्ण पाय फाकवून उभे राहतात, प्रत्येक पाऊल वेगळ्या लांबीचे टाकतात आणि पडण्याच्या भीतीने गुडघे व पाठ ताठ धरतात. अनोळखी लोकांना वाटते, की हा माणूस दारू प्यायलेला आहे. हा गैरसमज रुग्णाला आजाराइतकाच बोचतो आणि अनेकजण त्यामुळे घराबाहेर पडणेच टाळतात.

या आजाराच्या सुरुवातीच्या तासांबद्दल थोडे सविस्तर बोलणे आवश्यक आहे. अचानक गरगरणे, उलट्या, डोकेदुखी आणि तोल जाणे एवढीच लक्षणे असतील, तोंड वाकडे झालेले नसेल आणि हात लुळा पडलेला नसेल, तर हा त्रास पित्ताचा किंवा कानाचा समजला जाण्याचा धोका मोठा असतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव चांगला दिसतो, परंतु गुठळीमुळे झालेली ताजी इजा अनेकदा दिसत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत काही वेळा एमआरआयही ती दाखवू शकत नाही. त्यामुळे चक्कर येणाऱ्या रुग्णाला केवळ झोपलेल्या स्थितीत तपासून घरी पाठवणे योग्य नाही, असे ठामपणे म्हणावे लागते. त्याला आधार न देता बसता येते का आणि उभे राहता येते का, हे पाहायला अवघे एक मिनिट लागते. मोठ्या इजेत पुढचे काही दिवस सूज वाढत जाते, आणि कवटीतील ती जागा अरुंद असल्याने श्वास व शुद्ध सांभाळणाऱ्या मेंदूच्या खोडावर दाब येऊ शकतो. रुग्ण अकारण सुस्तावू लागला, तर तो थकला असेल असे समजून थांबू नये. अशा वेळी तातडीची शस्त्रक्रिया जीव वाचवू शकते.

हा टप्पा ओलांडलेल्यांपैकी बरेचजण पुन्हा चालू लागतात. लहान मेंदूच्या खोल भागातील केंद्रके, म्हणजे चेतापेशींचे पुंजके, वाचलेली असतील, तर सुधारणेची शक्यता अधिक असते. अडचण अशी, की चुकीवरून हालचाल सुधारण्याचे काम ज्या अवयवाचे, त्यालाच इजा झालेली असते. त्यामुळे व्यायाम पुष्कळ वेळा, संथपणे आणि पूर्ण लक्ष देऊन करावे लागतात. फिजिओथेरपिस्ट आधी हात न टेकता बसण्याचा सराव घेतात, मग बसल्या बसल्या दूरची वस्तू घ्यायला लावतात, आणि उभे राहणे व वळणे त्यानंतर येते. केवळ वजने उचलून ताकद वाढवल्याने तोल परत येत नाही. नातेवाइकांनी रुग्णाला सतत घट्ट धरून ठेवले, तर त्याच्या शरीराला सावरण्याची संधीच मिळत नाही. त्याऐवजी कमरेला पट्टा बांधून एका हाताच्या अंतरावर सोबत चालावे. चक्करेवरच्या गोळ्या पहिल्या काही दिवसांत आराम देतात, परंतु त्या दीर्घकाळ घेतल्यास मेंदूचे जुळवून घेणे मंदावते; म्हणून त्या कधी थांबवायच्या, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

सरळ रस्त्यावर चालणे बऱ्यापैकी जमू लागल्यानंतरही चटकन मागे वळताना, अंधारात किंवा चालता चालता बोलताना तोल जातो. त्यामुळे रुग्णालयातून घरी गेल्यावरही हाच सराव सोबतीला कोणीतरी ठेवून अनेक महिने चालू ठेवावा लागतो.