तेलरंगातल्या व्यक्तिचित्राचं रेखाटन

नमस्कार. पेन्सिलीवर ज्यांचा हात चांगला बसलाय, त्यांचीच तेलरंगात जास्त पंचाईत होते. सुबक शेडिंग केलेलं रेखाटन कॅनव्हासवर उतरवलं की त्यावर रंग घालायला हात धजत नाही. मग पापण्या सांभाळत, केस सांभाळत रेघांच्या मधे रंग भरला जातो आणि चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. खालचं रेखाटन पहिल्याच बैठकीत बुजणार, हे धरूनच ते करायचं. त्यात हव्यात त्या जागा: डोळ्यांचे दोन्ही कोपरे, नाकपुडीची कड, ओठांची टोकं, कानाची पाळी, हनुवटीचा तळ, केसांची सुरुवात, गळ्याची खळगी. शिवाय उजेड आणि सावली जिथं वेगळी होतात, ती सीमारेषा. पापण्यांचे केस नकोत, बुबुळातली चमकही नको.

आकार आधी ठरवा. मोठ्या माणसाचं डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत साधारण २२-२३ सेंटिमीटर भरतं. चित्रात ते १९-२० ठेवा. अगदी मापात काढलेलं डोकं भिंतीवर गेलं की मोठं वाटतं, कारण बघणारा त्या माणसाला चौकटीच्या मागे बसलेला धरतो. १८ बाय २४ इंची कॅनव्हासवर डोक्याच्या वर सात-आठ सेंटिमीटर जागा सोडली, तर डोळे वरच्या एक तृतीयांशाच्या जवळपास येतात. पणजीच्या फोंताइन्हास भागात फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत गोव्याचे चित्रकार आंतोनियो शाविएर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं आहेत. तिथं गेलात तर चेहऱ्याइतकंच डोक्यावरच्या मोकळ्या जागेकडेही बघा.

आता उजेड. सगळी पुस्तकं उत्तरेची खिडकी सांगतात, पण त्यातली बरीचशी युरोपात बसून लिहिलेली. गोवा साडेपंधरा अक्षांशावर. २१ मार्च ते २३ सप्टेंबर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, म्हणजे आपल्या उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ ऊन येतं. सकाळी आखलेली नाकाची सावली तासाभरात गालावर सरकलेली असते. एप्रिल-मेमध्ये बैठक दहा ते तीनच्या दरम्यान ठेवा. तेव्हा सूर्य इतका वर असतो की ऊन छपराची वळचणच अडवते. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्या दिसायला सुरेख, पण त्यातून गाळून येणारा उजेड इतका मऊ असतो की सावलीची कडच सापडत नाही. एकच झडप उघडा आणि बाकीच्या बंद ठेवा.

माणसाच्या पायांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूनं खुणा करा. वीस मिनिटांनी उठणारा माणूस परत नेमका तसाच बसत नाही. तुम्ही सहा-सात फूट लांब उभे राहा, कोपर ताठ ठेवून काडीनं माप घ्या आणि ओळंबा सोडा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून सोडलेली उभी रेघ नाकपुडीच्या आत पडते की बाहेर, आणि ओठाच्या टोकापासून किती लांब जाते, एवढं बघितलं तरी निम्म्या चुका तिथंच सापडतात. वळणं सुरुवातीला सरळ तुकड्यांत मोडा, कारण गोलाई अंदाजानं निभावून जाते पण सरळ रेघेची दिशा चुकली की लगेच दिसते. फोटोवरून करणार असाल तर मोबाइल चेहऱ्याजवळ नेऊ नका. नाक फुगतं, कान मागे जातात. दोन मीटर लांबून झूम करून घ्या.

रेखाटन कागदावर पुरं करून मग ट्रेसिंग घ्या. ते उलटं धरून बघा. वाकडा जबडा, वर चढलेला डोळा उलट्या बाजूनं लगेच उघडा पडतो. पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर हवेतलं पाणी पितो आणि पसरतो, त्यामुळे मेमध्ये घेतलेली ट्रेसिंग जुलैत एक-दोन मिलिमीटरनं हटू शकते. डोळ्याच्या बाबतीत तेवढंही फार झालं. पॉलिस्टरची ड्राफ्टिंग फिल्म मिळाली तर तीच वापरा.

कॅनव्हासवर उतरवताना टायपिंगचा कार्बन पेपर मुळीच नको. त्यातला रंग तेलातून वर येऊ शकतो आणि मेणामुळे रंगाची पकड बिघडते. बॉलपेनची रेघही तशीच वर झिरपते. पेन्सिलीचं शिसं पांढऱ्यात मिसळून त्वचेला राखाडी करतं. शिवाय तेलरंग वर्षांनुवर्षांनी थोडा पारदर्शक होत जातो, तेव्हा गडद रेघ गालावर डोकावते. त्यापेक्षा ट्रेसिंगच्या मागं ट्यूबमधला रॉ अंबर (मातकट तपकिरी तेलरंग) बोटानं अगदी पातळ चोळा आणि फडक्यानं जवळपास पुसून काढा. चारी कोपरे टेपनं चिकटवून वरून रेघा गिरवा. रंग जास्त राहिला तर हाताच्या दाबाचे डाग उठतात, म्हणून आधी कॅनव्हासच्या कडेला एक रेघ मारून बघा. कोळसा चोळूनही उतरवता येतं, पण मग सैल भुकटी झटकून उरलेल्या रेघा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबरनं पक्क्या करा. नाहीतर पहिलाच फिकट रंग मळतो. या अंबरमध्ये वेगळं तेल घालू नका. अंबरमधलं मँगनीज तेल वाळायला मदत करतं, त्यामुळे या रेघा लवकर सुकतात.

ॲक्रिलिक गेसो, म्हणजे कॅनव्हासवर रंगाआधी लावायचं अस्तर, मात्र पाणी उडून वाळतो. पावसाळ्यात तो हाताला कोरडा लागला तरी तीन-चार दिवस थांबा आणि ३२० नंबरच्या पॉलिशपेपरनं हलकं घासा. ओलसर गेसोवर उतरवलेली रेघ पसरते.

उतरवायच्या आधी ट्रेसिंगवर आणि कॅनव्हासच्या कडांवर जुळणाऱ्या चार फुल्या मारा, आणि काम झालं तरी ट्रेसिंग टाकू नका. दुसऱ्या-तिसऱ्या थरात ओठाचं टोक सरकलं असं वाटलं, तर रंग पूर्ण वाळू द्या, फुल्या जुळवून ट्रेसिंग वर धरा आणि नेमकी ती एकच जागा पुन्हा गिरवा.